खुर्चीनं किती बोलावं

होम थिएटर बसवून घेणारं गिऱ्हाईक पहिल्या भेटीत स्क्रीनचे इंच आणि स्पीकरची संख्या विचारतं. खुर्ची हलवायचा विषय त्याच्या डोक्यातही नसतो. तो निघतो काही महिन्यांनी, कुणा मित्राकडे सिनेमा बघून आल्यावर. “त्यांच्याकडे विमान उडालं की सोफा थरथरतो. आपल्याकडे का नाही?” असा फोन आला की मला कळतं, आता सुतार, कुशनवाला आणि खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाड या तिघांशी गाठ आहे. मी पुण्यात हे काम करतो. त्याआधी लग्नाच्या हॉलांत आणि गणपतीच्या मांडवांत साउंड लावायचो. आवाज जितका मोठा तितके लोक खूश, हे तिथलं शिक्षण. इथं उलटं आहे. खुर्ची हलवायला अर्धा दिवस पुरतो. तिला गप्प बसायला शिकवण्यात पुढचे दिवस जातात.

या वस्तूला आम्ही आपसांत ‘शेकर’ म्हणतो, कोटेशनवर ‘टॅक्टाइल ट्रान्सड्यूसर’ लिहितो. उघडून बघितलं तर हा कोन नसलेला स्पीकर. कॉइल आहे, चुंबक आहे, पण हवा ढकलायला पुढे काही नाही. आतलं जड वजन स्प्रिंगवर टांगलेलं असतं. सिग्नल आला की ते वरखाली होतं आणि त्याचा उलटा झटका ज्या फळीला शेकर स्क्रूनं आवळलाय तिला बसतो. हातावर मावणाऱ्या छोट्या चकत्या मिळतात, ऑरा किंवा डेटनच्या, पन्नास वॉटच्या आसपासच्या. त्या साधारण ४० हर्ट्झला सगळ्यात जोरात वाजतात आणि त्याखाली हळूहळू दमतात. गिटॅमर या अमेरिकन कंपनीचा मोठा ‘बटकिकर’ त्याच्या बराच खाली जातो, कान सोडून देतात तिथपर्यंत. माणसाला २० हर्ट्झच्या खालचा आवाज असा ऐकू येत नाही, पण पाठीला आणि मांड्यांना तो कळतो. क्रोसन नावाचा आणखी एक प्रकार आहे, तो फळीला न लावता थेट सोफ्याच्या पायाखाली सरकवायचा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तो आवडतो, कारण फर्निचरला भोक पडत नाही.

गिऱ्हाइकांचा एक गैरसमज मी आधीच काढून टाकतो. लक्ष्मी रोडवर ढोलपथकासमोर उभं राहिलं की छातीत जे वाजतं, ते शेकर देऊ शकत नाही. ढोलाचं पान हवा ढकलतं आणि ती हवा बरगड्यांवर येऊन आदळते. शेकर खालून येतो, बैठकीतून, मणक्यातून. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. सबवूफर विकून चार शेकर घ्यायचं ठरवलेल्या एका डॉक्टरांना मी त्या व्यवहारापासून परावृत्त केलं. त्यात माझाच तोटा झाला, कारण तो सबवूफर मीच विकत घेणार होतो.

खुर्ची हलवून प्रेक्षकाला दचकवण्याची हौस जुनी आहे. १९५९ साली ‘द टिंगलर’ हा भयपट आला तेव्हा निर्माता-दिग्दर्शक विल्यम कॅसल यानं काही थिएटरांत निवडक खुर्च्यांखाली मोटारी बसवल्या होत्या आणि या प्रकाराला ‘पर्सेप्टो’ असं भारदस्त नाव दिलं होतं. पडद्यावरचा किडा मोकाट सुटला की बूथमधून बटण दाबायचं. १९७४ मध्ये युनिव्हर्सलनं ‘अर्थक्वेक’साठी ‘सेन्सराउंड’ आणलं. त्यात खुर्चीला हात न लावता प्रचंड हॉर्न स्पीकरांनी अख्खं थिएटर हादरवत. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात छताचे पोपडे प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली होती. जाहिरातीला याहून चांगली गोष्ट मिळाली नसती. २००९ मध्ये कॅनडाच्या डी-बॉक्स कंपनीनं सिनेमाच्या फ्रेमबरहुकूम हलणाऱ्या खुर्च्या थिएटरात आणल्या. त्या खुर्च्यांच्या हालचाली एखादा माणूस बसून एकेक लिहितो. आमच्या घरगुती शेकरला असा कुणी लेखक नसतो. त्याला मिळतो फक्त सिनेमाचा खालचा आवाज, आणि तो जे वाजवेल ते. सगळी डोकेदुखी इथून सुरू होते.

पाच-पॉइंट-एक म्हणतात त्यातला ‘पॉइंट एक’ म्हणजे फक्त खालच्या आवाजासाठी राखलेला चॅनल, १२० हर्ट्झपर्यंतचा. पण रिसीव्हरच्या मागच्या सबवूफरच्या सॉकेटमधून तो एकटा बाहेर पडत नाही. बाकीच्या छोट्या स्पीकरांना न झेपणारा सगळा बासही त्याच तारेतून येतो, आणि त्यात पुरुषांचे आवाज असतात. भारदस्त पुरुषी आवाजाचा पाया ८५-१०० हर्ट्झच्या आसपास असतो. तार तशीच शेकरला जोडली की ‘मिस्टर इंडिया’तला मोगॅम्बो तोंड उघडताच सोफाही त्याच्याबरोबर बोलायला लागतो. मालक पहिल्या दिवशी हसतात. तिसऱ्या दिवशी बातम्या लावल्यावर निवेदक बुडाखाली गुरगुरायला लागला की फोन येतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे फिल्टर लावून ५०-६० हर्ट्झच्या वरचं सगळं कापणं. काही जण ८० ला कापतात, इंजिनांची गुणगुण खुर्चीत हवी म्हणून. मला ते थकवणारं वाटतं. दोन तासांचा सिनेमा बघून उठल्यावर पाय बधिर झाले तर ती करमणूक कसली?

दुसरं काम वेळेचं. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. भिंतीपाशी चार मीटरवर ठेवलेल्या सबवूफरचा दणका कानापर्यंत पोचायला बारा मिलिसेकंद लागतात, शेकरचा झटका मात्र लगेच लागतो. शिवाय सबवूफरच्या आतली डिजिटल यंत्रणा स्वतःचा थोडा उशीर घालते. खुर्ची पुढे आणि आवाज मागे असं झालं की डोळ्यांसमोर स्फोट एक आणि अंगाखाली भलतंच काही, अशी दोन वेगळी कामं चालल्यासारखं वाटतं. म्हणून शेकरचा सिग्नल मी मुद्दाम थांबवून सोडतो. मोजमापानं जवळ पोचता येतं, शेवटचे दोन-चार मिलिसेकंद मात्र डोळे मिटून बसूनच लावावे लागतात. एक चांगली खूण आहे. जुळलं की माणूस विचारतो, “सबवूफर बदललात का?” खुर्चीचं नाव कुणी काढत नाही.

यंत्रापेक्षा लाकडाची भानगड मोठी. आपल्याकडचा सोफा म्हणजे बाहेरून मखमल आणि आत कशाचाही भरवसा नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानांत दोन लाखांना विकल्या जाणाऱ्या सोफ्याचं बूड मी उघडलंय आणि आत खिळ्यांनी जोडलेल्या फळ्या निघाल्यात. शेकर आवळायला चांगली चौकट लागते. बैठकीखालच्या इलॅस्टिकच्या पट्ट्यांना किंवा झिगझॅग स्प्रिंगांना तो बांधला तर सगळी ताकद त्यांच्या झोक्यातच जिरते. म्हणून आमचे मिस्त्री चौकटीच्या दोन आडव्यांमध्ये अठरा मिलिमीटरचा प्लाय ठोकतात, फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही लावून, आणि शेकर त्या प्लायवर बसतो. मिस्त्रींचा कानावर भरवसा आहे. ठोकून झालं की ते बोटाच्या पेरानं प्लाय वाजवतात, आणि आवाज ‘भद्द’ आला तर पुन्हा उघडतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही हे मी शिकलोय.

मग किरकिर शोधणं. लॅपटॉपवरून १० हर्ट्झपासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच सूर सोडायचा आणि खोलीभर फिरायचं. २३ ला रिक्लायनरचा एक रिव्हेट खडखडतो. ३१ ला शोकेसची काच. ३८ ला छतातल्या दिव्याची रिंग. सोफ्याच्या फटीतून नाणी, गोट्या, हरवलेले रिमोट आणि एकदा तर सोन्याची कानातली रिंग निघाली. त्या घरी मला जेवू घालूनच सोडलं. प्रत्येक किरकिरीवर इलाज वेगळा. कुठं वॉशर, कुठं लॉकटाइट, कुठं फेल्टचा तुकडा, आणि कुठं मालकीणबाईंना “काकू, ही फुलदाणी तिकडे ठेवूया का” असं गोडीत विचारणं. शेवटचं सगळ्यात अवघड. फुलदाणी कुणाच्या तरी सासूनं दिलेली असते.

आणि पन्नास हर्ट्झ. आपल्या विजेची वारंवारता नेमकी शेकरच्या पल्ल्यात येते. अर्थिंग नीट नसलं, किंवा केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स तार रिसीव्हरला जोडलेली असली, की शेकरमध्ये एक बारीक, अखंड गुणगुण उतरते. ती ऐकू येत नाही. मारामारीच्या सिनेमात जाणवतही नाही. एका कुटुंबात ती सापडली ‘सैराट’च्या शेवटाला. नागराज मंजुळ्यांनी तिथं सगळा आवाजच काढून घेतलाय, आणि त्या वेळी या घरात प्रत्येकाच्या मांडीखाली वीज मंडळाची गुणगुण चालू होती. मुलगी म्हणाली, काहीतरी चालू राहिलंय असं वाटत होतं. तेव्हापासून हाताखालचं प्रत्येक काम मी त्या सिनेमाच्या शेवटच्या मिनिटांवर तपासतो. ‘झिंगाट’वर खुर्ची कशीही असली तरी खपून जाते.

शेजाऱ्यांचा मुद्दा घेतो. लोक शेकर घेतात त्याचं एक खरं आणि चांगलं कारण म्हणजे आवाज कमी ठेवता येतो. बैठकीतून खालचा सूर लागायला लागला की माणूस आपसूक व्हॉल्यूम उतरवतो, आणि रात्री दहानंतर ते बरंच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण स्लॅबला डेसिबल कळत नाहीत. सोफ्याचे पाय थेट फरशीवर असतील तर शेकरचा निम्मा खेळ खालच्या घराच्या छतात होतो. एका सोसायटीत खालचे काका वर आले आणि त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “तुमच्याकडे रात्री पिठाची गिरणी चालते का?” मालकांनी वॉशिंग मशीनखाली ठेवतात तसले टणक रबरी ठोकळे पायांखाली ठेवले होते आणि त्यावर ते निर्धास्त होते.

रबराचं एक गणित आहे, ते दुकानदार सांगत नाही. वजन घेऊन उभ्या असलेल्या रबराची स्वतःची एक डुलण्याची गती असते. त्या गतीच्या साधारण १.४ पटीच्या वरचं कंपन ते अडवतं. त्याच्या खालचं सोडून देतं, आणि नेमक्या त्या गतीपाशी उलट वाढवतं. टणक रबराची गती २५-३० हर्ट्झला आली तर सिनेमातला नेमका तोच गडगडाट खालच्या घरी जोरात जातो. रबर मऊ लागतं, इतकं मऊ की सोफ्यावर बसताना जरासं दबल्यासारखं वाटावं. वर चौघं बसणार की एकटा बसणार यावरही गणित हलतं. मी आता शेकरचा सिग्नल खालूनही कापतो, १५ हर्ट्झच्या आसपास. ‘एज ऑफ टुमॉरो’ या २०१४ च्या सिनेमाच्या सुरुवातीला जो अतिखोल बास आहे त्याचा पुरा आनंद मग मिळत नाही. हौशी गिऱ्हाइकं त्यासाठी माझ्यावर रुसतात. खालचे काका रुसत नाहीत.

डेमोला काय लावायचं, यावरून दुकानदारांशी माझं जमत नाही. त्यांना स्फोट हवे असतात, कारण स्फोटानं चेक लवकर फाटतो. मी शक्य तिथं ‘ग्रॅव्हिटी’ लावतो. अंतराळात हवा नाही, म्हणजे आवाज नाही. त्या सिनेमाच्या ध्वनिरचनाकारांनी ही अडचण मान्य करून काम केलंय. अंतराळवीर बाई ज्या वस्तूला हात लावते तिच्यातलं कंपन तिच्या हातमोज्यातून, पोशाखातून आत येतं आणि तेवढंच आपल्याला ऐकू येतं, दबलेलं, मांसातून आल्यासारखं. तिचा हात सुटला की तेही थांबतं. मागे अख्खं यान फुटत असतं आणि खुर्ची गप्प असते. पहिल्यांदा हा सिनेमा शेकरवर बघितला तेव्हा मला वाटलं, हा कुणीतरी माझ्या धंद्यासाठीच बनवलाय. शेकर जोडण्याचं खरं कारण असं क्वचित सापडतं. एरवी, खरं सांगायचं तर, दहातल्या सात सिनेमांना त्याची गरज नसते.

कुणाच्या अंगाला काय आठवेल, हे मात्र फिल्टर लावून कापता येत नाही. कोथरूडच्या एका घरी मुलगा, सून, दोन नातवंडं आणि गावाहून आलेली आजी असे सगळे डेमोला बसले होते. दुकानाच्या माणसानं भूकंपाचा प्रसंग लावला. इमारती पडायला लागल्या, सोफा हलला, मुलं किंचाळून हसली. आजी उठल्या, धाकट्याचा हात धरला आणि सरळ जाऊन बाहेरच्या दाराची कडी काढली. सगळं दोन-तीन सेकंदांत. त्या औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या घरात झोपल्या होत्या. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. त्या रात्री त्या सगळ्या भागात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. मुलगा ओशाळला, मला म्हणाला हे सगळं काढूनच टाका. आजी दारातूनच म्हणाल्या, “असू द्या की, पोरांला आवडतंय. त्याचं बटन कुठंय तेवढं दावा मला.”

बटण नव्हतंच. अ‍ॅम्प्लिफायर कपाटात बंद, त्याचा ताबा मोबाइलच्या अ‍ॅपवर. आम्ही त्यांच्या जागेच्या हातावर एक साधा स्विच बसवला, विजेच्या दुकानात मिळतो तसला, खटका वाजणारा. आता प्रत्येक जागेला वेगळा स्विच हे माझ्या कोटेशनमध्ये ठरलेलंच असतं. गरोदर बाई असतात, पाठीचं ऑपरेशन झालेले असतात, आणि ज्यांना नुसतंच नको असतं तेही असतात. खर्च थोडा वाढतो, कारण जागेगणिक अ‍ॅम्प्लिफायरचा चॅनल वेगळा लागतो आणि शेकरमधला धक्का शेजारच्या जागेत जाऊ नये म्हणून सोफ्याची चौकट तोडून वेगळी करावी लागते. मिस्त्री कुरकुरतात.

सध्या हातात असलेलं काम या सगळ्याच्या उलट निघालं आहे. फोन भावाचा होता, खुर्ची बहिणीसाठी. ती जन्मापासून ऐकू शकत नाही. बँकेत नोकरी करते, सिनेमे भरपूर बघते, सबटायटल वाचून. एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक ऐकू येत नसताना अनवाणी पायांनी कंपन घेत वाजवते हे मला माहीत होतं, त्यामुळे वाटलं, इथं काम सोपं: दणदणीत बास द्यायचा. नेहमीच्या मापानं सगळं जुळवलं. तिनं एक सिनेमा बघितला आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं: स्फोट मला दिसतात. त्यासाठी खुर्ची नको. माणसं बोलतात ते हवंय.

मग तिनं समजावून लिहिलं. सबटायटल शब्द सांगतं, पण ते एकदम सगळं वाक्य उमटवतं. माणूस कुठं अडखळला, कुठं ओरडला, पाठमोरा असताना बोलायला कधी लागला, हे त्यात नसतं. तेवढं अंगाला कळलं तर चालेल.

म्हणजे जे मी इतकी वर्षं कापत आलो नेमकं तेच तिला हवं. सबवूफरच्या सॉकेटवरून मी तार काढली आणि मधल्या स्पीकरच्या, म्हणजे संवादांच्या चॅनलला जोडली. फिल्टर उलटा फिरवला: खालचा गडगडाट हलका, ८० ते ५०० हर्ट्झ मोकळं. कातडीला हजार हर्ट्झच्या वर फारसं काही लागत नाही, पण अडीचशेच्या आसपास ती सगळ्यात तीक्ष्ण असते, त्यामुळे कागदावर हे जमायला हवं होतं. क्लार्क सिंथेसिसचा शेकर लावला, तो वरच्या सुरांनाही बरा चालतो.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: छान आहे, पण तुमच्या खुर्चीत फक्त पुरुषच बोलतात.

बरोबर होतं तिचं. बायकांच्या आवाजाचा पाया २०० हर्ट्झच्या आसपास, आणि बैठकीतला चार इंची फोम त्या पट्ट्यातलं कंपन पिऊन टाकतो. नायक बोलला की खुर्ची बोलते, नायिका बोलली की गप्प. आवाज वाढवून काही होत नव्हतं. नायक तेवढा जास्त ओरडायला लागला. आता आम्ही शेकर बैठकीखालून काढून उजव्या हाताखाली घेतोय. तिथं सागवानी फळी, तिच्यावर तिचा तळहात, मध्ये काही नाही. तळहाताला हे सूर बैठकीपेक्षा फार चांगले लागतात. फळीची जाडी बारा मिलिमीटर ठेवायची की आठ, यावर मिस्त्री अजून पेरानं वाजवून बघताहेत. कुशनवाल्याला मी सांगून ठेवलंय की डाव्या हाताला हवा तेवढा फोम घाल, उजव्याला कापडही लावू नकोस. त्याला ते पटलेलं नाही. एवढा महागाचा सोफा, आणि एक हात उघडा, लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं आहे.